पायथन आहे, पण व्हीएस कोडला सापडत नाही: इंटरप्रिटर जोडण्याचा योग्य क्रम

टर्मिनल सांगतं, ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’. म्हणजे पांडाज हे पॅकेज (पायथनला जोडायचा तयार कोड) आधीच बसलेलं आहे. तीच फाइल व्हीएस कोडमध्ये चालवली की लाल अक्षरांत येतं, ‘नो मॉड्यूल नेम्ड पांडाज’. दोघंही खरं बोलतायत, फक्त दोघांच्या डोक्यात पायथन वेगवेगळं आहे.

ही तक्रार घेऊन माझ्याकडे येणारे बहुतेक जण येण्याआधी एक उद्योग करून आलेले असतात, तो म्हणजे पायथन पुन्हा इन्स्टॉल करण्याचा. त्याने दुखणं वाढतं. आधी यंत्रावर दोन पायथन होती, आता तीन होतात. तेव्हा हा लेख पूर्ण वाचून होईपर्यंत काहीही नवं इन्स्टॉल करू नका आणि काहीही काढूही नका.

मुख्य सूचना विंडोजसाठी आहेत, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. मॅक आणि लिनक्सचा फरक शेवटाकडे दिला आहे. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा. डॅश, टिंब आणि मधली रिकामी जागा दिली आहे तशीच ठेवा. ‘पीवाय’ म्हणजे पी आणि वाय ही दोन अक्षरं, आणि ‘व्हेन्व्ह’ म्हणजे व्ही, ई, एन, व्ही.

## आधी एवढं डोक्यात ठेवा

व्हीएस कोड हा निव्वळ एडिटर आहे. त्याच्या पोटात पायथन नसतं. तुमच्या यंत्रावर कुठेतरी असलेल्या पायथनचा पत्ता त्याला लागतो. गंमत अशी, की एकाच खिडकीत हा पत्ता तीन जण स्वतंत्रपणे वापरतात:

- एडिटर स्वतः. इम्पोर्टच्या ओळीखाली पिवळी नागमोडी रेघ काढायची की नाही, हे तो निवडलेल्या इंटरप्रिटरवरून, म्हणजे कोड चालवण्यासाठी निवडलेल्या पायथनवरून, ठरवतो.
- खालचं टर्मिनल. तिथे तुम्ही ‘पायथन’ टाइप केलं की विंडोज स्वतःच्या यादीत शोधतं.
- वरचं रन बटण. ते कोणत्या एक्स्टेन्शनचं (व्हीएस कोडला वरून जोडलेल्या भागाचं) आहे, यावर सगळं अवलंबून.

विंडोजच्या या यादीला पाथ म्हणतात. चाळीत तीन कुलकर्णी राहतात आणि पाकिटावर नुसतं ‘कुलकर्णी’ लिहिलंय, तर नवा पोस्टमन पहिलं दार वाजवून पाकीट देऊन मोकळा होतो. पाथमध्येही तसंच चालतं. यादी वरून खाली वाचली जाते आणि ‘पायथन’ नावाची जी फाइल पहिली सापडेल ती चालते. यादीत सिस्टिमचे फोल्डर आधी असतात, तुमच्या युजरचे नंतर.

## पायरी १: यंत्रावर पायथन किती, ते मोजा

व्हीएस कोड बंद करा. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ही आज्ञा द्या:

‘व्हेअर पायथन’

जितक्या ओळी येतील तितकी पायथन पाथवर आहेत. सगळ्यात वरची ओळ म्हणजे नुसतं ‘पायथन’ म्हटल्यावर चालणारं. आता दुसरी आज्ञा:

‘पीवाय -०पी’

डॅशनंतर शून्य आहे, ओ नाही. ही आज्ञा इन्स्टॉल झालेल्या पायथनची यादी पत्त्यांसकट देते. जी पाथवर नाहीत तीही त्यात दिसतात. पायथन फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून किंवा ॲनाकोंडा या पायथन-पॅकेजांच्या एकत्र संचाबरोबर आलं असेल, तर ‘पीवाय’ तुमच्याकडे नसूही शकतं. तसं असलं तरी काही बिघडलेलं नाही.

दोन्ही याद्या वहीत उतरवून घ्या किंवा फोनवर फोटो काढा. पुढच्या प्रत्येक पायरीत ‘हे त्यातलं कोणतं?’ असा प्रश्न येणार आहे.

सावधान: पहिली आज्ञा पॉवरशेलमध्ये (विंडोजचं दुसरं टर्मिनल) दिली तर काहीच छापलं जात नाही, त्रुटीसुद्धा येत नाही. पॉवरशेलमध्ये ‘व्हेअर’ या शब्दाचा अर्थच वेगळा आहे, ती गाळणी लावण्याची आज्ञा आहे. तिथे ‘व्हेअर.ईएक्सई पायथन’ असं पूर्ण लिहावं लागतं. ती रिकामी ओळ बघून ‘पायथन नाहीच’ असं समजणारे आणि पुन्हा इन्स्टॉल करायला धावणारे कितीतरी जण मी पाहिले आहेत. व्हीएस कोडचं टर्मिनल विंडोजवर सहसा पॉवरशेलच असतं, म्हणून ही पायरी बाहेर, कमांड प्रॉम्प्टमध्ये करायची.

## पायरी २: स्टोअरचं तोतया पायथन ओळखा

‘व्हेअर पायथन’च्या उत्तरात ‘मायक्रोसॉफ्ट\विंडोजॲप्स’ असा पत्ता दिसला तर जरा थांबा. विंडोज १० आणि ११ मध्ये या जागी ‘पायथन.ईएक्सई’ नावाची एक फाइल आधीपासूनच ठेवलेली असते. ते पायथन नाही. त्यावर टिचकी मारली की स्टोअर उघडतं, आणि टर्मिनलमधून पुढे काही जोडून बोलावलं तर ‘पायथन वॉज नॉट फाउंड’ असं उत्तर येतं. नावापुरती पाटी, आत कोणी राहत नाही.

ओळखायचं कसं? ‘पायथन --व्हर्जन’ द्या, दोन डॅश जोडून. आवृत्तीचा आकडा आला तर खरं पायथन मिळालं. स्टोअरचा उल्लेख आला तर तोतया.

तो बंद करण्यासाठी विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्ज, ॲप एक्झिक्यूशन अलायसेस असं जा. तिथे ‘ॲप इन्स्टॉलर’च्या नावावर ‘पायथन’ आणि ‘पायथन३’ अशी दोन बटणं असतात. दोन्ही बंद करा.

सावधान: तुम्ही खरंच स्टोअरमधून पायथन घेतलं असेल तर त्याचाही पत्ता याच फोल्डरात दिसतो. ते वापरात असेल तर या बटणांना हात लावू नका.

## पायरी ३: वापरायचं पायथन एकच ठरवा

यादीतलं एक पायथन निवडा आणि त्याभोवती खूण करा. बाकीची काढून टाकायची घाई नको. एखादं दुसऱ्या सॉफ्टवेअरने स्वतःसाठी आणलेलं असू शकतं.

पायरी १ मध्ये एकही खरं पायथन निघालं नाही, तरच नवं घ्या. ते पायथनच्या अधिकृत संकेतस्थळावरून घ्या. तिथल्या स्वतंत्र (स्टँडअलोन) इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर, अगदी तळाशी, ‘ॲड पायथन.ईएक्सई टू पाथ’ असा चौकोन असतो आणि तो मुळात रिकामा असतो. मोठं ‘इन्स्टॉल नाऊ’ बटण डोळ्यांत भरतं, चौकोन तसाच राहून जातो. आधी खूण, मग बटण.

आवृत्ती निवडताना माझं मत असं, की नुकतीच आलेली नवीकोरी आवृत्ती शिकणाऱ्याने घेऊ नये. मोठ्या पॅकेजेसच्या तयार फाइली नव्या आवृत्तीसाठी लगेच आलेल्या नसतात. मग पिप (पॅकेजेस बसवणारं साधन) त्या तुमच्याच यंत्रावर बांधायला बसतं आणि सी भाषेच्या कंपायलरबद्दल अगम्य तक्रारी करतं. एक आवृत्ती मागे राहिलं की हा त्रास बहुधा होत नाही.

नेहमीच्या पद्धतीने इन्स्टॉल केलं तर पायथन ‘सी:\युजर्स\तुमचं नाव\ॲपडेटा\लोकल\प्रोग्राम्स\पायथन’ या फोल्डरात जातं. ‘ॲपडेटा’ लपवलेला फोल्डर आहे, तेव्हा फाइल एक्स्प्लोररमध्ये तो दिसला नाही म्हणून गोंधळू नका.

तपासा: कमांड प्रॉम्प्ट बंद करून नव्याने उघडा आणि पुन्हा ‘व्हेअर पायथन’ द्या. जुन्या खिडकीला पाथमधला बदल कळत नाही. व्हीएस कोडचंही तेच. तो आधीपासून उघडा असेल तर त्यात नवं टर्मिनल काढूनही उपयोग नाही, कारण ते व्हीएस कोडकडूनच जुना पाथ घेतं. सगळ्या खिडक्या बंद करून तो पुन्हा सुरू करावा लागतो.

## पायरी ४: फाइल उघडू नका, फोल्डर उघडा

दिसायला किरकोळ, पण निम्मं गणित इथेच चुकतं. डेस्कटॉपवरच्या फाइलवर दोनदा टिचकी मारली की ती व्हीएस कोडमध्ये उघडते खरी, पण सुटी. व्हीएस कोड इंटरप्रिटरची निवड फोल्डरच्या नावावर लक्षात ठेवतो. सुट्या फाइलला फोल्डर नाही, त्यामुळे शेजारी असलेलं एन्व्हायर्नमेंटही (एका फोल्डरपुरतं वेगळं पायथन, पायरी ६ बघा) तो आपोआप शोधत नाही.

प्रत्येक कामासाठी वेगळा फोल्डर करा आणि ‘फाइल’ मेनूतल्या ‘ओपन फोल्डर’ने तो उघडा. फोल्डरचं नाव इंग्रजी अक्षरांत आणि मध्ये रिकामी जागा न ठेवता द्या. मराठी नाव चालत नाही असं नाही, पण कमांड प्रॉम्प्ट आणि काही जुनी पॅकेजेस देवनागरी पत्त्यावर अडखळतात, आणि ती त्रुटी शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. ‘हिशेब’ हे नाव रोमन अक्षरांत लिहिलं तरी तुम्हाला कळणारच आहे.

फोल्डर पहिल्यांदा उघडताना ‘या फोल्डरच्या लेखकांवर विश्वास आहे का’ अशी विचारणा होते. घाईत ‘नाही’ म्हटलं तर वर रिस्ट्रिक्टेड मोडची पट्टी येते आणि पायथनच्या बऱ्याचशा सोयी बंद राहतात. फोल्डर तुमचाच असेल तर त्या पट्टीतल्या ‘मॅनेज’वर जाऊन विश्वास द्या. इंटरनेटवरून उतरवलेला असेल तर आधी आत काय आहे ते बघा.

## पायरी ५: एक्स्टेन्शन

डावीकडच्या एक्स्टेन्शन्सच्या चिन्हावर जाऊन ‘पायथन’ शोधा आणि प्रकाशक मायक्रोसॉफ्ट आहे हे पाहून इन्स्टॉल करा. पायलान्स हे कोड तपासणारं एक्स्टेन्शन त्याच्याबरोबर येतं. याच नावाची आणखी दहा एक्स्टेन्शन्स दिसतील. ती आत्ता नकोत.

## पायरी ६: फोल्डरसाठी स्वतंत्र एन्व्हायर्नमेंट बनवा

‘एवढ्याशा कामाला कशाला’ म्हणून ही पायरी टाळली जाते. मला विचाराल तर गोंधळ मुळापासून थांबवणारी पायरी हीच. एन्व्हायर्नमेंट केलं की त्या फोल्डरला स्वतःचं पायथन आणि स्वतःची पॅकेजेस मिळतात, आणि ‘यातलं कोणतं?’ हा प्रश्नच उरत नाही.

व्हीएस कोडमध्ये ‘टर्मिनल’ मेनूतून नवं टर्मिनल काढा. ते तुमच्याच फोल्डरात उघडलं आहे ना, ते ओळीच्या सुरुवातीला बघा. मग:

‘पीवाय -३.१२ -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह’

३.१२ च्या जागी पायरी ३ मध्ये तुम्ही ठरवलेली आवृत्ती घाला. ‘पीवाय’ नसेल तर ‘पायथन -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह’. शेवटच्या नावाआधी टिंब आहे. त्या नावाचा फोल्डर व्हीएस कोड आपणहून ओळखतो. काही क्षणांनी कोपऱ्यात ‘नवं एन्व्हायर्नमेंट दिसलं, या फोल्डरसाठी वापरू का?’ अशा अर्थाची चौकट येते, तिला ‘येस’ म्हणा. चौकट हुकली तरी पुढच्या पायरीत सोय आहे.

सावधान: हा ‘.व्हेन्व्ह’ फोल्डर पेनड्राइव्हवर घालून दुसऱ्या यंत्रावर नेता येत नाही. मुख्य फोल्डरचं नाव बदललं तरी तो बिघडू शकतो, कारण त्याच्या आत मूळ पायथनचा आणि स्वतःचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. कॉलेजच्या लॅबमधून घरी आणलेला प्रकल्प चालत नाही, त्याचं कारण बहुधा हेच. नव्या जागी तो फोल्डर सरळ पुसून पुन्हा बनवा. तुमचा कोड त्याच्या बाहेर आहे, त्याला धक्का लागत नाही. मात्र कोड कधीही ‘.व्हेन्व्ह’च्या आत ठेवू नका.

## पायरी ७: इंटरप्रिटर निवडा

१. फोल्डरमधली कोणतीही पायथन फाइल उघडा. ती उघडी नसेल तर खालच्या पट्टीवर इंटरप्रिटर दिसत नाही.

२. कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबा. वर कमांड पॅलेट उघडतं.

३. ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ शोधून निवडा.

४. यादीत ‘.व्हेन्व्ह’ लिहिलेली ओळ निवडा.

५. ती ओळ नसेल तर ‘एंटर इंटरप्रिटर पाथ’ घेऊन ‘फाइंड’ने स्वतः फाइल दाखवा: ‘.व्हेन्व्ह’, त्यात ‘स्क्रिप्ट्स’, त्यात ‘पायथन.ईएक्सई’.

वरच्या पाचव्या मुद्द्यातल्या दोन चुका नेहमीच्या. एक, फाइलऐवजी फोल्डर दाखवणं. दोन, शेजारची ‘पायथनडब्ल्यू.ईएक्सई’ निवडणं. ती खिडकीवाल्या कार्यक्रमांसाठी असते आणि टर्मिनलवर काही छापत नाही. कार्यक्रम चालला की नाही तेच कळत नाही.

ॲनाकोंडावाल्यांसाठी: तिथे विंडोजवर ‘पायथन.ईएक्सई’ एन्व्हायर्नमेंटच्या फोल्डरात थेट असते, ‘स्क्रिप्ट्स’मध्ये नाही.

तपासा: खाली उजव्या कोपऱ्यात आवृत्तीचा आकडा आणि ‘.व्हेन्व्ह’ हे नाव दिसलं पाहिजे. नुसता आकडा दिसत असेल तर अजून सार्वजनिक, म्हणजे सगळ्या यंत्रासाठीचं, पायथनच निवडलेलं आहे.

आता आधीपासून उघडी असलेली टर्मिनल्स कचऱ्याच्या डब्याच्या चिन्हाने बंद करा आणि नवं काढा. निवड बदलल्यावर जुनं टर्मिनल जुन्याच पायथनवर राहतं. नव्याच्या ओळीआधी कंसात ‘.व्हेन्व्ह’ दिसू लागतं.

इथे पॉवरशेल कधी कधी ‘रनिंग स्क्रिप्ट्स इज डिसेबल्ड’ असं लाल अक्षरांत सांगतं. सगळीकडे यावर सुरक्षेचं धोरण बदलायची आज्ञा सुचवली जाते. ऑफिसच्या यंत्रावर ती बहुधा चालत नाही, आणि चालली तरी आयटीवाल्यांना न विचारता करू नये. सोपा उपाय आहे: कमांड पॅलेटमधून ‘टर्मिनल: सिलेक्ट डिफॉल्ट प्रोफाइल’ घ्या, ‘कमांड प्रॉम्प्ट’ निवडा आणि नवं टर्मिनल काढा.

## पायरी ८: पायथनलाच विचारा, तू कुठला?

कोपऱ्यातल्या आकड्यावर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही. एक नवी फाइल करा, नाव ‘तपास’ रोमन अक्षरांत, शेवटी टिंब आणि पीवाय. आत दोन ओळी:

‘इम्पोर्ट एसवायएस’
‘प्रिंट(एसवायएस.एक्झिक्यूटेबल)’

एसवायएस ही तीन अक्षरं आहेत. ही फाइल वरच्या त्रिकोणी रन बटणाने चालवा. छापून आलेला पत्ता म्हणजे आत्ता प्रत्यक्ष काम करणारं पायथन. मग टर्मिनलमध्ये ‘पायथन’, रिकामी जागा आणि फाइलचं नाव देऊन तीच फाइल पुन्हा चालवा. दोन्ही वेळा पत्ता ‘.व्हेन्व्ह’च्या आतला आला तर जोडणी झाली.

रन बटणाचा पत्ता वेगळा आला तर ‘कोड रनर’ नावाचं एक्स्टेन्शन तपासा. ते लोकप्रिय आहे आणि बऱ्याच व्हिडिओंत पहिल्याच मिनिटाला बसवायला सांगतात. त्याचा त्रिकोण पायथनच्या त्रिकोणाजवळच असतो आणि तो मुळात निवडलेला इंटरप्रिटर न बघता नुसतं ‘पायथन’ बोलावतो. त्रिकोणाशेजारचा बाण दाबून ‘रन पायथन फाइल’ निवडा. ‘रन कोड’ निवडलं की पुन्हा चाळीतला पहिला कुलकर्णी.

## पायरी ९: पॅकेज आता, आणि असं

‘पायथन -एम पिप इन्स्टॉल पांडाज’

नुसतं ‘पिप’ लिहू नका. ‘पिप’ ही वेगळी फाइल आहे आणि पाथवर पहिलं सापडेल ते पिप चालतं. ते दुसऱ्याच पायथनचं असू शकतं. वरच्या पद्धतीने ‘या पायथनचं पिप’ असा अर्थ होतो. याच कारणाने इथे ‘पीवाय’ला आवृत्तीचा आकडा जोडू नका. आकडा दिला की ते सुरू असलेलं एन्व्हायर्नमेंट बाजूला ठेवून सार्वजनिक पायथनकडे जातं.

## तरीही चालत नसेल तर

पॅकेज बसलं, कार्यक्रम चालतो, पण पिवळी रेघ जात नाही. कमांड पॅलेटमधून ‘डेव्हलपर: रीलोड विंडो’ द्या.

‘मॉड्यूलमध्ये अशी गोष्टच नाही’ अशी त्रुटी. तुमच्या फाइलचं नाव पॅकेजसारखंच आहे का बघा. ‘पांडाज’ शिकताना फाइललाही तेच नाव दिलं की पायथन शेजारची तुमची फाइलच उचलतं. ‘रँडम’च्या बाबतीत हे फार होतं.

सेटिंग्जच्या फाइलमध्ये पत्ता लिहिला, फरक पडत नाही. ‘डिफॉल्ट इंटरप्रिटर पाथ’ हे सेटिंग फोल्डरसाठी एकदाही निवड झालेली नसते तेव्हाच वाचलं जातं. ‘पायथन: क्लिअर वर्कस्पेस इंटरप्रिटर सेटिंग’ ही आज्ञा देऊन आधीची निवड पुसा. त्या फाइलमध्ये विंडोजच्या पत्त्यातली प्रत्येक उलटी तिरकी रेघ दोनदा लिहावी लागते. जुन्या व्हिडिओंतलं ‘पायथन पाथ’ हे सेटिंग आता वापरात नाही, ते शोधत बसू नका.

## मॅक आणि लिनक्सवर फरक कुठे

पायरी १ साठी ‘विच -ए पायथन३’. नाव ‘पायथन३’ आहे, नुसतं ‘पायथन’ बहुधा सापडत नाही. एन्व्हायर्नमेंटच्या आत मात्र ‘पायथन’ चालतं. तिथली फाइल ‘स्क्रिप्ट्स’ऐवजी ‘बिन’ फोल्डरात असते. मॅकवर कंट्रोलच्या जागी कमांड कळ. ॲपलच्या चिपवाल्या मॅकवर होमब्रूचं पायथन ‘ऑप्ट/होमब्रू/बिन’मध्ये सापडेल. उबुंटूवर एन्व्हायर्नमेंट बनवताना तक्रार आली तर ‘पायथन३-व्हेन्व्ह’ हे पॅकेज ॲप्टने बसवा. नव्या उबुंटूवर सार्वजनिक पायथनमध्ये पिप वापरलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असं सांगून नकार मिळतो. तो जबरदस्तीने मोडायची खूणही त्याच संदेशात सुचवलेली असते. ती वापरू नका, पायरी ६ करा.

एवढं करूनही अडलात आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर ‘चालत नाही हो’ एवढंच पाठवू नका. पायरी १ च्या दोन्ही याद्या, उजव्या कोपऱ्यात दिसणारा मजकूर, आणि पायरी ८ मध्ये बटणाने व टर्मिनलने छापलेले दोन पत्ते पाठवा. फोटो काढताना पूर्ण ओळ येऊ द्या, पत्त्याचा शेवटचा भाग कापला गेला की समोरच्याला तो पुन्हा मागावा लागतो.